पाण्यातला महाल, पांढरीतले गाव

गेल्या वर्षी भाद्रपदात नळदुर्गपासून दोन-तीन कोसांवरच्या एका गावी रब्बी ज्वारीच्या बीजप्रक्रियेची बैठक होती. गंधक कसे चोळायचे, किलोला किती घ्यायचे, हे सारे सांगून झाले आणि नेहमीप्रमाणे एका शेतकऱ्याच्या घरी चहाला बसलो. त्याच वेळी त्यांच्याकडे पुण्याचा भाचा बायको-मुलीसह आला होता. वाटेत ही मंडळी नळदुर्गचा किल्ला पाहून आली होती आणि त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

त्या लहान मुलीने घरातल्या आजींना विचारले, "आजी, तुम्ही पाणी महाल किती वेळा पाहिला?"

आजी म्हणाल्या, "आमी कवा बगावं बाई? तुळजापूरला जातानी येष्टीतनं तट दिसतो, तेवढाच."

आजींना या घरी सून म्हणून येऊन पंचेचाळीस वर्षे झाली. त्यांचे चिरंजीव, घरचे कर्ते, म्हणाले, "मैलारपूरच्या खंडोबाला पौष पौर्णिमेला दरसाल जातो. पण किल्ल्यात काय बघायचं? दगडं तर आपल्या रानात बी हायेत."

सगळे हसले. मीही हसलो. पण मग माझे मलाच वाईट वाटले. कारण या तालुक्यात नोकरीला आल्यावर मी स्वतः तो किल्ला आतून पाहिला तो तब्बल आठ वर्षांनी. रोज त्याच्या तटाजवळून जात होतो, पण गाडी कधी थांबवली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय!

शेतकरी बंधू-भगिनींनो, आपल्याकडे जमिनीचे दोन भाग मानतात. पिकते ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळीची ओळख आपल्याला चांगली आहे. कोणत्या वावरात किती हात माती, कुठे चोपण, कुठे मुरूम, हे तुम्ही डोळे मिटून सांगाल. पण पांढरीची ओळख? आपल्या आधी इथे कोण राहिले, त्यांनी पाणी कसे अडवले, घर कसे बांधले, काय पिकवून कुठे विकले, हे आपण कधी विचारत नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, याची उत्तरे उघड्यावर पडलेली आहेत. ती पाहायला फार तर एक दिवस आणि शिदोरी लागते. आज त्याविषयीच सांगायचे आहे.

नळदुर्ग : बांधाच्या पोटातला महाल

त्या बैठकीनंतरच्या रविवारी मी त्याच कुटुंबाला घेऊन नळदुर्गला गेलो. आजी, कर्ते, सूनबाई, कॉलेजात शिकणारा मुलगा आणि शेजारची दोन पोरे. वरचे बोरी धरण भरून वाहत होते, म्हणून मुद्दाम तो दिवस धरला. धरण भरल्याशिवाय किल्ल्यातला धबधबा वाहत नाही.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग गाव आहे आणि गावाला लागूनच किल्ला. काळ्या दगडाची तटबंदी इतकी लांब की एका नजरेत मावत नाही. बहामनी राज्यानंतर हा किल्ला विजापूरच्या आदिलशाहीकडे आला. १६८६ साली विजापूर पडले, मग मोगल आले आणि पुढे निजाम. १८५३ साली हा मुलूख काही वर्षांसाठी इंग्रजांकडे गेला, तेव्हा इथला कारभार मेडोज टेलर या अधिकाऱ्याने पाहिला. ठगांवर कादंबरी लिहिणारा टेलर तो हाच.

किल्ल्यातला उंच उपळी बुरूज आणि त्यावरच्या लांबलचक तोफा मुलांना फार आवडल्या. आजी पायऱ्या चढल्या नाहीत, खालीच सावलीला बसल्या. पण शेतकऱ्याने जे पाहिलेच पाहिजे ते पुढे आहे.

किल्ल्याला लागून रणमंडळ नावाचा दुसरा छोटा कोट आहे. दोन्हींच्या मधून बोरी नदी वाहते आणि दोन्हींना जोडणारा दगडी बांध नदीवर घातलेला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, मीर इमादीन नावाच्या कारागिराने तो बांधला. म्हणजे बांधाला चारशे वर्षे होऊन गेली. आजही तो पाणी अडवतो आणि आजही त्यावरून पुराचे पाणी जाते.

या बांधाच्या पोटात खोल्या काढलेल्या आहेत. तोच पाणी महाल. बांधावरून जिन्याने खाली उतरायचे. मागच्या बाजूला नदीचे पाणी तुंबलेले, डोक्यावरून पाणी चाललेले आणि आपण मधे कोरड्यात उभे. समोरच्या खिडकीतून पाहिले की पाण्याचा पडदा डोळ्यांपुढे कोसळताना दिसतो. आवाज इतका की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही.

आजींना आम्ही हात धरून सावकाश उतरवले. त्या खिडकीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. भिंतीला हात लावून पाहिला. मग म्हणाल्या, "सासूबाई सांगायच्या. मला वाटायचं, उगं कायतरी सांगत्यात."

आता त्या कॉलेजातल्या मुलाची गोष्ट. आदल्या पावसाळ्यात त्यांच्या शेताच्या खालच्या अंगाचा मातीचा बांध फुटला होता. बांध चांगला उंच घातला होता, दाबलाही होता. पण एका रात्रीच्या पावसात मधोमध भगदाड पडले आणि वरची हातभर माती ओढ्याला गेली. बाहेर आल्यावर तो मुलगा बांधावरून पाणी जाते त्या दोन वाटांकडे पाहत राहिला. लोक एकीला नर म्हणतात आणि दुसरीला मादी. सगळे जादा पाणी या दोनच वाटांनी खाली पडते. बाकीच्या बांधावर त्याचा भार येत नाही.

"साहेब," तो म्हणाला, "यांनी सांडवा आधी ठरवला असणार. आम्ही नुसता बांध घातला."

मी गेली तीसेक वर्षे सभांमधून, तक्ते दाखवून जे सांगत आलो, ते त्याला त्या जागी दोन मिनिटांत कळले. बांध फुटतो तो पाणी जास्त आले म्हणून नव्हे, तर जास्तीच्या पाण्याला वाट ठेवली नाही म्हणून. सांडवा बांधाच्या माथ्यापेक्षा खाली हवा, पुरेसा रुंद हवा आणि पाणी पडते तिथे दगडाचे पिचिंग किंवा पक्का खडक हवा. दुसरी गोष्ट म्हणजे बांधाची जाडी. पाणी जितके खोल तितका त्याचा रेटा जास्त. म्हणून बांध तळाशी रुंद आणि वर निमुळता असावा लागतो. दगडी बांध स्वतःच्या वजनावर पाण्याचा रेटा सोसतो. मातीच्या बांधाला वजनाबरोबर योग्य ढाळही लागतो. मीर इमादीनने हे कागदावर मांडले की अनुभवाने ओळखले, कोण जाणे! पण त्याने केले ते टिकले.

आपला जिल्हा अवर्षणाचा. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. ज्या भागात पाणी असे दुर्मीळ, त्याच भागात चारशे वर्षांपूर्वी पाणी अडवून त्यावर महाल उभा केला गेला. हे पाहण्याचा पहिला हक्क आपला आहे.

तेर : पांढरीच्या पोटातले शहर

आता तेरविषयी. इथे मला माझी एक चूक सांगायची आहे.

तेर म्हटले की आपल्याला संत गोरोबाकाका आठवतात. तेरणेच्या काठी त्यांचे मंदिर आहे, वारकरी तिथे डोके टेकवतात. पण गोरोबांच्याही आधी हजार-बाराशे वर्षे हे गाव नांदते होते आणि त्याचे नाव होते तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत व्यापाऱ्यांसाठी लिहिलेली एक वाटाड्याची पोथी आहे, तिला पेरिप्लस म्हणतात. त्यात लिहिले आहे की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे. तिथून साधे कापड आणि तलम मलमल गाड्यांमधून अवघड वाटांनी भडोचच्या बंदराला जाते. भडोचहून तो माल जहाजाने थेट रोमन साम्राज्याच्या बाजारपेठांत पोचत असे. पुढे शिलाहार राजे आपल्याला अभिमानाने 'तगरपुराचे अधीश्वर' म्हणवून घेत.

म्हणजे बघा, आपल्या बैलगाडीवाल्यांच्या पूर्वजांनी वाहून नेलेले कापड रोमच्या बायकांनी अंगावर घातले असेल!

नोकरीच्या सुरुवातीला मी त्या भागात होतो. उन्हाळ्यात गावाजवळच्या टेकाडाची पांढरी माती लोक गाड्या भरून न्यायचे. थोडी माळवदावर टाकायला, थोडी वावरात. जुन्या वस्तीच्या मातीत राख, हाडे, शेणमाती असते, म्हणून ती पिकाला मानवते. एका शेतकऱ्याने मला विचारले, "साहेब, टाकू का?" मी बीएस्सी ॲग्री होऊन नवा नवा आलो होतो. मी म्हणालो, "अवश्य टाका, स्फुरद मिळेल." त्याने दहा-बारा गाड्या ओढल्या. त्या मातीत लाल, तांबूस मणी निघत. पोरे ते वेचून दोऱ्यात ओवत. एकाच्या हाती भाजलेल्या मातीची तुटकी बाहुलीही मी पाहिली. सल्ला बरोबर होता, ज्वारीही चांगली आली.

काही वर्षांनी तेरच्या वस्तुसंग्रहालयात गेलो. काचेच्या पेटीत तेच मणी होते आणि तशीच बाहुली होती. खाली पाटी होती, सातवाहन काळ. मी तिथे किती वेळ उभा होतो ते आठवत नाही. दोन हजार वर्षे जपलेले ते सारे मी खत म्हणून वावरात पसरायला सांगितले होते.

हे संग्रहालय कसे झाले तेही ऐकण्यासारखे आहे. तेरमधलेच रामलिंगप्पा लामतुरे हे गृहस्थ. शेतात, घराच्या पायात, पावसाने धुपलेल्या टेकाडावर लोकांना जे जे सापडे ते त्यांनी गोळा करून जपले. त्यांच्या संग्रहातून आजचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले आणि त्याला त्यांचेच नाव आहे. तज्ज्ञांनी पुढे, १९५८ पासून, तेरला रीतसर उत्खनने केली. तिथे मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी, पांढऱ्या केओलीन मातीच्या मूर्ती, रोमन धाटणीच्या वस्तू आणि सुरेख कोरलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहायला मिळते. इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरातही भारतातून गेलेली अशीच एक हस्तिदंती मूर्ती सापडली आहे.

गावातले त्रिविक्रमाचे मंदिर अवश्य पाहा. ते विटांचे आहे. त्याची मागची बाजू अर्धगोल आणि छप्पर गाडीच्या तट्ट्यासारखे कमानदार आहे. हा घाट जुन्या बौद्ध चैत्याचा. पुढे तिथे विष्णूच्या वामन अवताराची पूजा सुरू झाली. वास्तू तीच राहिली, देव बदलला आणि लोकांनी दोन्ही सांभाळले. उत्तरेश्वराचे विटांचे मंदिरही पाहावे. तेरच्या जुन्या विटांपैकी काही इतक्या हलक्या आहेत की पाण्यावर तरंगतात. मातीत भुसा कालवून वीट भाजली की भुसा जळून जातो आणि आत बारीक पोकळ्या राहतात, म्हणून वीट हलकी होते. गोरोबांच्या गावाला मातीची पारख किती जुनी, ते यावरून कळावे.

तेव्हा सांगायचा मुद्दा असा की तुमच्या वावरात, पायात, विहिरीच्या खोदाईत जुने काही सापडले, तर ते फोडू नका, विकू नका, लपवूही नका. तलाठ्यामार्फत तहसीलदारांना कळवा. जमिनीत सापडलेल्या जुन्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. शासनाने ठेवा घेतला तर सापडणाऱ्याला मोबदला देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. जुन्या टेकाडाची माती शेतात ओढण्याआधी एकदा विचार करा. स्फुरद पोत्यातही मिळते.

दूरदेशीचे शेतकरी काय करतात?

तगरचे कापड रोमकडे जात होते, त्याच शतकात रोमन लोकांनी दक्षिण फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून एक पाटाचे पाणी नेले. नीम नावाच्या शहरासाठी सुमारे पन्नास किलोमीटरचा पाट. एवढ्या लांबीत त्याचा एकूण उतार फक्त बारा-तेरा मीटर! ज्यांनी शेतात पाट काढला आहे त्यांना यातली करामत कळेल. वाटेत गार्दों नदीची दरी लागली, तिथे त्यांनी तीन मजली कमानींचा पूल बांधून त्यावरून पाणी नेले. त्याला पाँ द्यू गार म्हणतात. उंची सुमारे एकोणपन्नास मीटर. खालच्या कमानींचे दगड चुन्याशिवाय नुसते एकमेकांवर बसवलेले आहेत. १९८५ पासून तो जागतिक वारसा आहे आणि जगभरातून लोक तो पाहायला जातात.

पण मला जास्त महत्त्वाचे वाटते ते तिथल्या शेतकऱ्यांचे. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सची खेडी ओस पडू लागली, पोरे शहराकडे गेली. तेव्हा शेतकऱ्यांनी रिकामी घरे डागडुजी करून पाहुण्यांना राहायला द्यायला सुरुवात केली. आल्प्सच्या डोंगराळ भागात असे पहिले घर १९५१ साली उघडले. १९५५ साली अशा घरांची देशपातळीवर संघटना झाली. पाहुणा येतो, किल्ला, दरी, जुने देऊळ पाहतो, शेतकऱ्याच्या घरी राहतो आणि त्याच्याच घरचे चीज विकत नेतो.

आपल्या शासनानेही २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. तुळजाभवानीच्या दर्शनाला दरसाल लाखो माणसे येतात आणि दर्शन झाले की परत फिरतात. त्यांच्यातली थोडी जरी नळदुर्गला, तेरला वळली, तर वाटेवरच्या शेतकऱ्याला पौषात हुरडा, एरवी भाकरी, पिठले, शेंगाचटणी देऊन चार पैसे मिळतील. मात्र शेती सोडून हॉटेल काढा असे मी म्हणत नाही. आधी पीक, मग पाहुणा. आणि जे आपण स्वतः पाहिले नाही ते पाहुण्याला काय दाखवणार?

आणखी काही ठिकाणे

परंडा : हा भुईकोट किल्ला. भोवती खंदक, आत तोफा. अहमदनगर पडल्यावर, १६०० साली, निजामशाहीची गादी काही काळ इथे होती. विजापूरची प्रसिद्ध मुलूख मैदान तोफ १६३२ साली विजापूरला गेली ती इथूनच.

धाराशिवची लेणी : शहरापासून जवळच, डोंगरात कोरलेली. आत पार्श्वनाथांच्या मूर्ती आहेत.

रामलिंग : येडशीजवळ बालाघाटाच्या कुशीत. पावसाळ्यात झाडी हिरवीगार असते, मंदिराला ओढ्याचा वेढा असतो. हा परिसर अभयारण्य आहे. माकडांना खाऊ घालू नका, मग तीच तुमची शिदोरी हिसकावतात.

कुंथलगिरी : भूम तालुक्यातले जैन तीर्थ. या भागाचा खवा आणि पेढे प्रसिद्ध आहेत. दूध उत्पादकांनी इथल्या खव्याच्या भट्ट्या मुद्दाम पाहाव्यात.

निघण्यापूर्वी

१. नळदुर्गचा धबधबा पाहायचा तर भाद्रपद-आश्विनात, बोरी धरण भरल्याची खात्री करून जा. खरिपाच्या काढणीआधी एक रविवार मोकळा काढता येतो.

२. तेरला बाराही महिने जाता येते. संग्रहालयाच्या सुटीचा वार आधी विचारून घ्या.

३. बायका आणि म्हाताऱ्या माणसांना मागे ठेवू नका. गुरांची धार आणि वैरण शेजाऱ्यावर सोपवा. त्याची पाळी पुढच्या रविवारी.

४. भाकरी, चटणी, कांदा आणि पाणी बरोबर घ्या. प्लास्टिक तिथे टाकू नका.

५. वाहत्या पाण्याजवळ, तटाच्या कडेला मुलांचा हात सोडू नका. फोटोसाठी कठड्यावर चढू नका. दगड ओले असले की पाय सटकतो.

६. भिंतीवर नाव कोरू नका. मीर इमादीनचे नाव राहिले ते त्याने बांध बांधला म्हणून.

७. घरी आल्यावर मुलांना चार ओळी लिहायला सांगा आणि आजी-आजोबांना विचारायला सांगा, आपल्या गावची पांढरी किती जुनी?

त्या कुटुंबाने यंदा उन्हाळ्यात बांध नव्याने घातला. मुलाने सांडवा आधी आखला आणि मग मातीला हात घातला. परवाच्या पावसात पाणी शहाण्यासारखे सांडव्यावरून गेले, असा त्याचा फोन आला. फोन ठेवता ठेवता मागून आजींचा आवाज ऐकू आला, "सायबाला इचार, तेरला कवा न्यायचं म्हणून."

तेव्हा येत्या एका रविवारी आम्ही तेरला निघालो आहोत. तुम्हीही निघा.